भंगार आणि वारसा यांच्यामधील तीस वर्षे

वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे झाल्यास दोन हजार रुपये भरावे लागतील, असा नियम केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लागू केला. त्याची फारशी चर्चा झाली नाही. २०२२ पर्यंत ह्याच कामाला तीनशे रुपये पडत असत. त्या वर्षी ते एक हजार झाले व आता दोन हजार. पाच वर्षांतून एकदा द्यावयाची ही रक्कम, तिच्यासाठी अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. परंतु ह्या दोन हजारांमागे जुन्या यंत्राकडे पाहण्याची सरकारची जी दृष्टी आहे, तिचा विचार केल्याविना हा विषय सोडून देणे आम्हांला योग्य वाटत नाही. आणि तो विचार करावयास आम्हांला हैदराबादेतील कोठी भागाइतके सोयीचे दुसरे स्थळ दिसत नाही.

कोठी गोमंतकीय मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता तोवर शिक्षण, दरबार आणि दवाखाना ह्या तिन्ही कामांसाठी मराठी माणसाची पावले हैदराबादकडे वळत, आणि कोठीच्या आसपास त्याची वस्ती जमली. जामबागेतली विवेकवर्धिनी आणि इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालय ह्या संस्था त्या वस्तीची खूण म्हणून आजही उभ्या आहेत. ज्या कोठीवरून ह्या भागाला नाव मिळाले, ती ब्रिटिश रेसिडेंटची हवेली. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक ह्या रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधविली. तिच्याभोवतीचे बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अखत्यारीत होते. मग ते निजामाला परत मिळाले व रेसिडेन्सी बाजारचा सुलतान बाजार झाला. स्वातंत्र्यानंतर हवेलीत मुलींचे महाविद्यालय आले. छपरे गळू लागली, गिलावा सुटला, आणि अखेर वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. ह्याबद्दल कोणाचेही दुमत नाही. परक्या सत्तेची वास्तू असली तरी ती आपल्या इतिहासाचा भाग आहे, तिची निगा राखली पाहिजे, हे आपण आता मान्य केले आहे.

परंतु तेथून थोडे चालत गौळीगुड्यापर्यंत गेले की चित्र पालटते. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली सत्तावीस अल्बियन बसगाड्या घेऊन आपले रस्ता वाहतूक खाते सुरू केले. सरकारी मालकीच्या प्रवासी वाहतुकीचा देशातला तो आरंभ मानला जातो. त्याच निजामी काळातली लोखंडी पत्र्याची एक प्रचंड कमानदार शेड गौळीगुड्याला होती. तीत पुढे अनेक वर्षे शहराचे बसस्थानक चालले. हैदराबादेत उतरणाऱ्या दोन पिढ्यांनी त्या शेडीखाली पहिला चहा घेतला असेल. ५ जुलै २०१८ रोजी ती शेड आपल्याच वजनाने कोसळली. मनुष्यहानी झाली नाही, हे सुदैव. दगडविटांची कोठी वाचली आणि मोटारयुगाची शेड पडली, ह्या दोन घटनांत सुमारे पाच वर्षांचेच अंतर आहे. एक अल्बियन बस तेवढी परिवहन महामंडळाने जपून ठेवली आहे. (ह्या बसगाड्यांच्या नोंदणी क्रमांकातले 'झेड' हे अक्षर निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या, स्मरणार्थ आले असे हैदराबादेत सांगतात, आणि राज्य गेले, भाषावार प्रांत झाले, आंध्रातून तेलंगण वेगळे झाले तरी ते अक्षर सुटलेले नाही. नोंदणीच्या अक्षरांनाही इतिहास असतो.)

आणि कोठीच्या पलीकडे तिसरी वस्तू आहे. पुतलीबावलीला दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि गोशामहलच्या गल्ल्यांत मोडीत निघालेल्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकले जातात. एका बाजूला इंजिने, दुसऱ्या बाजूला टाक्या, तारेत ओवलेल्या चेनी आणि मडगार्डांची रास. ज्याला जुनी गाडी उभी करावयाची आहे त्याचे हे तीर्थक्षेत्र, आणि ज्याने ती सोडून दिली तिचे हे स्मशान. एकाच गल्लीत दोन्ही व्यवहार चालतात. कोणती गाडी कोणत्या वाटेने जावी ह्याचा निर्णय आजवर मालक आणि मिस्त्री करीत. आता तो अधिकाधिक परिवहन खात्याचे नियम करू लागले आहेत.

हे नियम नीट वाचण्यासारखे आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियमावली काढली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, सांगाडा आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज ठरते. तिला 'व्ही ए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. आधीच नोंदलेली असल्यास जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षे. यंत्रालाही वारसा असतो हे भारतीय कायद्याने प्रथमच मान्य केले, त्याचे आम्ही त्या मर्यादेपर्यंत स्वागतच करतो. मात्र ही गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे. म्हणजे पेट्रोल भरावयास पंपावर जाता येईल; त्या दिवशी रॅली वा प्रदर्शन नसेल तर भरलेले पेट्रोल घेऊन पुढे कोठे जावे, ह्याविषयी नियमावलीने मौन पाळले आहे.

आता हे दोन नियम शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पन्नास वर्षांची गाडी वारसा आहे. वीस वर्षांची गाडी मात्र उपद्रव आहे, तिच्यावर वाढीव शुल्क आहे, राज्याराज्यांचा हरित कर आणखी वेगळा आहे. त्याच २०२१ साली आलेल्या मोडीत काढण्याच्या धोरणानुसार जुनी खासगी गाडी अधिकृत केंद्रावर मोडून प्रमाणपत्र घेतले, तर नव्या गाडीच्या मोटार वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. मोडणाऱ्याला सवलत, नवे घेणाऱ्याला सवलत, आणि सांभाळणाऱ्याला आकार! मग पन्नास वर्षे वयाची गाडी आकाशातून पडणार आहे काय? विसाव्या वर्षी जिला आपण भंगार म्हटले, तीच तीस वर्षांनी वारसा व्हावयाची आहे; आणि ह्या तीस वर्षांत तिला जगविण्याची व्यवस्था आपल्या कायद्यात कोठेही नाही.

पैशाचा हिशेब एकवेळ बाजूला ठेवू. विसाव्यापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत पाच पाच वर्षांची सहा नूतनीकरणे, आजच्या दराने बारा हजार रुपये. मुंबईच्या वा हैदराबादच्या श्रीमंत संग्राहकाला हा आकडा चिल्लर वाटेल. परंतु जुन्या मोटारसायकली सगळ्याच संग्राहकांकडे नाहीत. त्या निवृत्त शिक्षकाच्या पडवीत आहेत, दूधवाल्याकडे आहेत, बापाची गाडी म्हणून मुलाने विकली नाही अशा घरांत आहेत. अशा घरी कागदांचे पुस्तक फाटलेले असते, त्यातली नोंद संगणकावर चढलेली नसते, गाडी ज्याच्या नावे आहे तो हयात नसतो. शुल्कापेक्षा ह्या खेपा माणसाला थकवितात. एक नूतनीकरण चुकते, दंड वाढतो, आणि एके दिवशी भंगारवाला दारात येऊन किलोचा भाव सांगतो. कोणत्याही अधिकाऱ्याने दुष्टपणा केला नाही, कोणताही नियम मोडला गेला नाही, आणि तरी एक यंत्र गेले.

ते यंत्र काय होते, हेही सांगितले पाहिजे. कारण नव्या पिढीला जुनी मोटारसायकल म्हणजे केवळ एक धूर सोडणारी अडगळ वाटण्याचा संभव आहे. देश स्वतंत्र झाल्यावर परदेशी वाहनांची आयात आवळली गेली आणि ज्या काही कारखानदारांना परवाने मिळाले, त्यांनी युरोपातल्या जुन्या आराखड्यांवर येथे गाड्या काढल्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डचा कारखाना निघाला. बुलेटची इंग्लंडमधली मूळ पेढी पुढे बंद पडली, पण बुलेट मद्रासेत चालूच राहिली. आईच्या माघारी लेकीने घर चालवावे तशी. १९६१ च्या सुमारास म्हैसूरला रुस्तुम इराणी ह्यांच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीचे उत्पादन सुरू केले. जावा हे नावच मुळी जोडनाव: यानेचेक ह्या कारखानदाराचे 'जा' आणि वाँडरर ह्या जर्मन गाडीचे 'वा'. पुढे तीच गाडी येझदी झाली, १९७८ मध्ये रोडकिंग आली, आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या आराखड्यावरून राजदूत काढली. ती खेड्यापाड्यांतल्या दूधवाल्यांची गाडी झाली. हैदराबादही मागे नव्हते. लखनौच्या सरकारी कारखान्याच्या लॅम्ब्रेटा घराण्यातल्या स्कूटरीला येथे 'ऑल्विन पुष्पक' हे नाव मिळाले. घरातला फ्रिज ऑल्विनचा, मनगटावरचे घड्याळ ऑल्विनचे आणि दारातली स्कूटरही ऑल्विनची, असा तो काळ होता.

ह्या गाड्या चालविणे हीही एक विद्या होती. जुनी बुलेट नुसती लाथ मारून सुरू होत नसे. डीकॉम्प्रेशरचा खटका दाबून किक हलकेच खाली आणावयाची, ॲमीटरची सुई मध्यावर आली की खटका सोडावयाचा आणि मग पुरती किक मारावयाची. घाई केली की तीच किक उलटून पोटरीवर बसे. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. येझदीची तऱ्हा निराळी. जी किक तीच आत दाबून पुढे वळविली की गिअरचा दांडा. टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावयाचे, आणि उतारावर थ्रॉटल फार वेळ बंद ठेवावयाचा नाही, कारण पेट्रोल तुटले की ऑइलही तुटते. चालविणाऱ्याला यंत्राचा श्वास कळावा लागे. आज बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या स्वाराला ह्यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही, ही सोयच आहे. पण जे ज्ञान लोपते त्याची नोंद तरी असावी.

खरे ज्ञान तर मिस्त्रीच्या हातात. सिलिंडर घासला असेल तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसविणे, पॉइंटचे अंतर राखणे, क्रँकच्या बेअरिंगचा आवाज कानाने ओळखणे, यिकोव्ह कार्बोरेटरचा घासलेला पिस्टन लेथवर पुन्हा बनविणे, टाकीवर हाताने सोनेरी रेघ ओढणे: ह्यातले बहुतेक काही पुस्तकात मिळत नाही. जो भाग बाजारात नाही तो नमुना पाहून करून देणारे कारागीर आपल्या शहरांतून अजून आहेत, पण त्यांच्या मुलांना हा धंदा नको आहे, आणि काम कमी असताना तो त्यांनी धरावा असे सांगण्याचा कोणाला अधिकार आहे? काम टिकले तर कारागीर टिकतो. रेसिडेन्सीच्या जीर्णोद्धारासाठी चुन्याचे काम जाणणारे गवंडी लागले, आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारात लाकडावर कोरणारे हात लागतात, तसेच हे. वर्षातून एकदा खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करतो, झेंडूचे हार घालतो. ती हत्यारे चालविणाराच नाहीसा झाला तर हार कोणाला घालणार?

म्हणूनच व्हिंटेज नियमातली नित्य वापराची बंदी आम्हांला यंत्राच्या दृष्टीनेही चुकीची वाटते. मूर्ती गाभाऱ्यात राहते, इंजिन राहू शकत नाही. टू-स्ट्रोक इंजिन महिनोन् महिने उभे राहिले की क्रँकची रबरी सीले कडक होतात, तेथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते, आणि एखाद्या दिवशी सुरू केल्यावर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. आठवड्यातून दहा मैल धावणारी गाडी संग्रहालयात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा अधिक काळ जगते, हे कोणीही मिस्त्री सांगेल.

त्यात आता इंधनाची भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, मिळते. ऊस आणि धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून दाम मिळतो आणि परकीय चलन वाचते, हा लाभ खरा आहे. पण इथेनॉल पाणी शोषून घेते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळी दमट हवेत महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी साचते व टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या, पॅकिंग आणि वॉशर फुगतात. मिश्रण पातळ होत असल्याने कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घालावा लागतो. जुन्या वाहनांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात मान्य केले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरण ठरविणे हे न्यायालयाचे काम नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. म्हणूनच ते सरकारने करावयास हवे होते. ब्रिटनने २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आणले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोलही पंपावर ठेवले. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात एका पंपावर असा पर्याय, वाटल्यास जादा दराने, ठेवणे अशक्य होते असे आम्हांला वाटत नाही.

ह्या सगळ्यावर एक उत्तर येईल, आणि ते खोटे नाही. टू-स्ट्रोक गाड्या धूर सोडतात, जुन्या गाड्यांचे ब्रेक कमी पडतात, आणि शहरांची हवा आधीच वाईट आहे. दिल्लीच्या मुलांच्या फुप्फुसांपुढे कोणाच्या छंदाची मातब्बरी आम्ही सांगणार नाही. रोज चाळीस किलोमीटर धंद्यासाठी धावणारी, काळा धूर ओकणारी गाडी वीस वर्षांची असो की दहा वर्षांची, ती थांबविली पाहिजे. पण वय हे धुराचे माप नव्हे. धूर मोजण्याचे यंत्र आहे, ब्रेक तपासण्याची सोय आहे, वर्षाकाठी गाडी किती चालली हेही पाहता येते. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी, एवढेच आमचे म्हणणे.

अन्य देशांनी ही नाडी पाहिली आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वारशाची मर्यादा तीस वर्षांची मानली आहे. जर्मनीत तीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला तपासणीनंतर 'एच' अक्षराचा क्रमांक व निश्चित दराचा कर मिळतो, आणि ती रस्त्यावर चालविता येते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीला रस्ताकर माफ आहे. आमची सूचना ह्याहून माफक आहे. पंचविसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत 'जतन वाहन' असा एक मधला वर्ग करावा. मूळ स्वरूप, धूर आणि ब्रेक ह्यांची तपासणी घ्यावी. वर्षाला ठराविक किलोमीटरांची मर्यादा घालावी, पण त्या मर्यादेत स्वार कोठे जातो हे विचारू नये. आणि नूतनीकरणाचे शुल्क नव्या गाडीच्या मालकाहून अधिक नसावे. नियम केंद्राचे असले तरी हरित कर आणि नोंदणी कार्यालयातल्या खेपा ह्या राज्याच्या हाती आहेत. गोव्यासारख्या छोट्या राज्याने, जेथे पिवळ्या मडगार्डाचा पायलट आजही माणसाला घरापर्यंत पोचवितो आणि मोटारसायकल हे चैनीचे नव्हे तर गरजेचे वाहन म्हणूनच ओळखले गेले, ह्या बाबतीत पुढाकार घ्यावयास हरकत नव्हती. जुन्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढविण्यासाठी वर्षातून एक पंधरवडा राखून ठेवला, तरी पुष्कळ गाड्या वाचतील.

बाजाराला मात्र ह्या वारशाची किंमत सरकारच्या आधी कळली. २०१८ मध्ये जावा हे नाव आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले. टाकीचा घाट, जोड सायलेन्सर आणि चकचकीत क्रोम ह्यांसकट. येझदी ह्या नावाच्या मालकीसाठी कर्नाटक उच्च न्यायालयात खटला लढला गेला. नावासाठी एवढा झगडा, आणि ज्या गाडीने ते नाव कमावले ती गोशामहलच्या गल्लीत किलोच्या भावाने. ह्यात विसंगती कोणाला दिसत नसेल तर आम्ही काय सांगावे?

१९७८ साली नोंदलेली पहिली रोडकिंग २०२८ मध्ये पन्नास वर्षांची होईल आणि नियमाने व्हिंटेज क्रमांकास पात्र ठरेल. त्या वर्षी नोंदलेल्या गाड्यांपैकी किती आज चालू स्थितीत आहेत, किती नोंदी रद्द झाल्या आणि किती गाड्या मोडीत गेल्या, हे परिवहन खात्याने २०२८ उजाडण्यापूर्वी जाहीर करावे.